करूळ घाटातला टेम्पो आणि चंद्रामागचं यान

दादाचा टेम्पो आठवड्यातून दोनदा कोकणात उतरतो. इथून गूळ आणि भाजी भरून जायचं, येताना नारळ नाहीतर मासळी. गगनबावड्याला चहा घेतला की त्याचा घरी फोन येतो, "निघालोय, आता रेंज जाईल." तिथून पुढं आई घड्याळ बघत बसते. करूळ घाट उतरून गाडी वैभववाडीला लागेपर्यंत फोनचा भरवसा नसतो. पण आई कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घरात बसून सांगत असते, "आता मधल्या वळणाला आला असंल." पाऊस असला तर ती हिशेबात दहा मिनिटं वाढवते, गाडी जड भरली असेल तर आणखी पाच. दादाचा दुसरा फोन येतो तेव्हा तिचा अंदाज फार तर चार-पाच मिनिटांनी चुकलेला असतो.

परवा गच्चीवर माझ्या पुतण्यानं, तो नववीत आहे, चंद्राकडं बघत विचारलं, "आत्या, चांद्रयान-२ अजून चंद्राभवती फिरतंय म्हणतीस. मग ते पाठीमागं गेल्यावर नेमकं कुठं हाय, हे बंगळूरला कसं कळतंय?"

मी म्हटलं, "घाटात तुझा बाबा कुठं आहे, हे आजीला कसं कळतं?"

तो हसला, पण उत्तराची सुरुवात खरोखर तिथूनच होते. त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी चंद्राची पाठ म्हणजे काय ते बघू. अंबाबाईच्या देवळात प्रदक्षिणा घालताना देवी कायम आपल्या उजव्या हाताला असते. गाभाऱ्यातून कुणी पाहिलं तर आपला डावा खांदा त्याला कधीच दिसणार नाही. म्हणून आपण स्वतःभोवती फिरलोच नाही असं मात्र नाही. देवीसमोरून निघताना आपलं तोंड उत्तरेला असतं, पहिल्या कोपऱ्यावर ते पूर्वेला होतं, देवळामागं दक्षिणेला, मग पश्चिमेला. एक प्रदक्षिणा पूर्ण होते तेव्हा आपलीही स्वतःभोवती बरोबर एक फेरी झालेली असते. चंद्र पृथ्वीभोवती असाच फिरतो. २७.३ दिवसांत एक प्रदक्षिणा आणि तेवढ्याच वेळात स्वतःभोवती एक फेरी, म्हणून त्याचा एकच चेहरा आपल्याकडं राहतो. चालताना माणूस थोडा डुलतो तसा चंद्रही थोडा डुलतो, त्यामुळं कडेचा भाग कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं डोकावतो. सगळं धरून आपल्याला त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग दिसतो. उरलेला ४१ टक्के पृथ्वीवरून आजवर कुणालाही दिसलेला नाही. त्याचे पहिले फोटो ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत ल्युना ३ यानानं काढले. माणसानं तो भाग प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला तो डिसेंबर १९६८ मध्ये, अपोलो ८ मधून.

या बाजूला 'अंधारी बाजू' म्हणायची सवय सोडायला हवी. तिथंही आपल्या बाजूइतकंच ऊन पडतं. अमावस्येला आपल्याला चंद्र दिसत नाही, तेव्हा ती बाजू पूर्ण उजळलेली असते. ती अंधारात नाही, आडोशाला आहे.

आणि खरी अडचण आडोशाचीच आहे. किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतं. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत चेहऱ्यावर. वाटेत एखादं बांधकाम किंवा एखादा फलक आडवा आला की किरण तिथंच थांबतात, ते वळसा घालून देवीपर्यंत येत नाहीत. यानांशी बोलायला ज्या रेडिओलहरी वापरतात, त्याही अशाच सरळ रेषेत जातात. त्यांच्या वाटेत ३,४७४ किलोमीटर व्यासाचा दगडाचा गोळा आला की बोलणं तुटतं.

किती वेळ तुटतं, हे काढायला पुतण्याची कंपासपेटी पुरली. १ सेंटिमीटर म्हणजे ३०० किलोमीटर असं प्रमाण धरलं. चंद्राची त्रिज्या १,७३७ किलोमीटर, म्हणून ५.८ सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं. यान १०० किलोमीटर उंचीवर, म्हणून त्याच केंद्रातून दुसरं वर्तुळ ६.१ सेंटिमीटरचं. दोन रेघांमध्ये जेमतेम तीन मिलिमीटर फट राहिली. ती बघून तो म्हणाला, "एवढं चिकटून?" हो, एवढं चिकटून. पृथ्वी खूप लांब असल्यानं तिच्याकडून येणाऱ्या रेषा जवळजवळ समांतर धरता येतात. अशा दोन रेषा आतल्या वर्तुळाला वरून आणि खालून स्पर्श करतील अशा ओढल्या. त्यांच्यामध्ये चंद्राच्या मागं बाहेरच्या वर्तुळाचा जो तुकडा सापडला, त्याला कोनमापक लावला तर सुमारे १४२ अंश आले. या उंचीवर एक फेरी साधारण ११८ मिनिटांची असते. ३६० अंशांना ११८, तर १४२ अंशांना साडेशेहेचाळीस मिनिटं. म्हणजे दर दोन तासांत पाऊण तास यान गायब. करूळ घाटाइतकाच वेळ म्हणा ना.

यात एक गंमत आहे. चांद्रयान-२ चंद्राच्या दोन्ही ध्रुवांवरून फिरतं. त्याच्या कक्षेचं वर्तुळ अवकाशात जवळपास एकाच दिशेला राहतं आणि चंद्र मात्र पृथ्वीभोवती सरकत असतो. त्यामुळं महिन्यातून दोनदा ते वर्तुळ आपल्याला कडेवरून न दिसता थेट समोरून दिसतं, चंद्राभोवती घातलेल्या बांगडीसारखं. त्या दिवसांत यान लपतच नाही.

आता समोर असताना त्याची जागा कशी मोजतात ते पाहू. दुर्बिणीतून बघून नव्हे, एवढ्या लांबून ते दिसणारच नाही. कान देऊन. बंगळूरजवळ ब्यालालू इथं इस्रोची ३२ मीटर व्यासाची अँटेना आहे. तिथून एक खुणेचा संदेश जातो, यान तो जसाच्या तसा परत पाठवतं आणि जायला-यायला किती वेळ लागला ते मोजतात. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर असल्यानं हा फेरा सुमारे अडीच सेकंदांचा होतो. या वेळात एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तर अंतर १५० मीटरनं चुकतं. प्रत्यक्षात काही मीटरपर्यंतचं अंतर बरोबर निघतं, त्यावरून ही घड्याळं किती काटेकोर असतील याची कल्पना येईल.

दुसरं मोजमाप मला जास्त आवडतं. शिरोलीजवळ हायवेच्या कडेला डोळे मिटून उभं राहा. हॉर्न दाबत येणारा ट्रक जवळ येताना आवाज चढा असतो, पुढून निघून गेला की तोच आवाज उतरतो. हा डॉप्लर परिणाम. किती चढला आणि किती उतरला, यावरून ट्रकचा वेग कळतो. आणखी नीट ऐकलं तर दुसरीही एक गोष्ट कळते. आवाज झटकन पडला तर ट्रक आपल्या अगदी जवळून गेला, सावकाश पडला तर लांबच्या लेनमधून गेला. म्हणजे डोळे न उघडता नुसत्या आवाजाच्या उतारावरून ट्रकचा मार्ग समजतो. यानाच्या रेडिओ संदेशाची वारंवारता अशीच चढत-उतरत असते. तिच्यावरून यान आपल्या दिशेनं किंवा आपल्यापासून दूर किती वेगानं जातंय, हे चांगल्या परिस्थितीत सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत काढता येतं. तासाला जेमतेम सव्वा फूट सरकणाऱ्या वस्तूचा वेग, आणि तोही पावणेचार लाख किलोमीटरवरून!

पृथ्वीवर एकमेकांपासून खूप दूर असलेल्या दोन अँटेना एकाच वेळी ऐकायला लावल्या की यानाची आकाशातली दिशाही बारकाईनं मिळते. या सगळ्या आकड्यांमध्ये नेमकी बसेल अशी एकच कक्षा गणितानं शोधायची. ती सापडली की यान या क्षणी कुठं आहे आणि तासाभरानं कुठं असेल, हे दोन्ही सांगता येतं. यान चंद्रामागं गेलं की हा 'तासाभरानं'चा आकडाच हाताशी उरतो.

अपोलो ८ च्या वेळी हे पहिल्यांदा जिवावर बेतणारं होतं. २४ डिसेंबर १९६८ ला यान चंद्रामागं गेलं. वेग कमी करून चंद्राच्या कक्षेत शिरण्यासाठी इंजिन सुमारे चार मिनिटं पेटवायचं होतं, आणि नेमकं ते आडोशाला असतानाच. संपर्क कोणत्या सेकंदाला तुटणार हे ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रानं आधीच सांगितलं होतं आणि तो त्याच सेकंदाला तुटला. मग सगळे घड्याळाकडं बघत बसले. इंजिन पेटलंच नसतं तर यान आधीच्याच वेगानं जात ठरल्या वेळेच्या आधी बाहेर आलं असतं. म्हणून आवाज किती वाजता परत येतो, यावरूनच इंजिन चाललं की नाही ते कळणार होतं. वैभववाडीचा फोन वेळेवर आला की आई ब्रेक ठीक होते असं समजते, तसंच.

पण आईचा अंदाज बरोबर येतो कारण घाट तिला पाठ आहे. माहेर तिकडचं असल्यानं कुठं चढ, कुठं उतार, कुठं गाडी थांबवावी लागते, हे तिला ठाऊक आहे. अनोळखी घाटात तिलाही काही सांगता आलं नसतं. यानाचा रस्ता म्हणजे चंद्राचं गुरुत्वाकर्षण, आणि हा रस्ता सपाट नाही. माझ्या मते सगळ्या विषयातली सर्वात सुंदर गोष्ट इथं आहे.

१९६८ साली अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले पॉल मुलर आणि विल्यम स्योग्रेन लुनार ऑर्बिटर यानांच्या डॉप्लरच्या नोंदी तपासत होते. चंद्रावर काही ठरावीक मैदानांकडं जाताना यानाचा वेग किंचित वाढत होता आणि पुढं गेल्यावर कमी होत होता. गाडी खड्ड्यात उतरावी आणि पुन्हा चढावी, तसा. त्या मैदानांच्या पोटात जास्त जड खडक दडलेले होते आणि ते यानाला स्वतःकडं ओढत होते. या जड गाठींना 'मॅस्कॉन' असं नाव पडलं. त्या किती खोडसाळ असतात हे अपोलो १६ नं दाखवलं. त्यातून २४ एप्रिल १९७२ ला एक छोटा उपग्रह चंद्राभोवती सोडला. चंद्रावर हवा नाही, म्हणजे घर्षण नाही, तरी तो ३५ दिवसांतच जमिनीवर आदळला. दर फेरीत या गाठींनी त्याची कक्षा थोडी थोडी वेडीवाकडी केली होती.

समोरच्या बाजूच्या गाठी डॉप्लरनं शोधता आल्या. मागच्या बाजूचं काय? तिथं यान ऐकूच येत नाही, म्हणून त्याचा वेग कुठं वाढला, कुठं कमी झाला हे कळत नाही. गुरुत्वाकर्षणाचा नकाशा नसला तर मागं गेलेल्या यानाचा अंदाज चुकतो, आणि मागं गेलेलं यान मोजता आलं नाही तर तो नकाशाही होत नाही. पोहायला आल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही, आणि विहिरीत उतरल्याशिवाय पोहायला येत नाही, तशी ही अवस्था होती. यान पलीकडून बाहेर आल्यावर अंदाजापेक्षा किती पुढं-मागं आहे, एवढ्यावरून मागच्या बाजूबद्दल जे अनुमान निघेल तेवढंच हाती होतं. जवळपास चाळीस वर्षं असंच चाललं.

ही कोंडी जपाननं फोडली. सप्टेंबर २००७ मध्ये गेलेल्या कागुया यानासोबत ओकिना नावाचा एक लहान उपग्रह होता, आणि तो जास्त उंचीवरून फिरत होता. कागुया चंद्राआड असताना ओकिना मात्र पृथ्वीला दिसत असे. मग संदेश पृथ्वीवरून ओकिनाला, ओकिनाकडून कागुयाला, पुन्हा ओकिनाला आणि तिथून परत पृथ्वीला, असा चार टप्प्यांत फिरवला. मागच्या बाजूवरून जाणाऱ्या यानाचा डॉप्लर पहिल्यांदा थेट मिळाला. तिथली खोरी समोरच्या मैदानांपेक्षा वेगळी निघाली. समोर जिथं एकसंध जड गाठी होत्या, तिथं मागच्या बाजूला कमी-जास्त ओढीची एकात एक कडी दिसली.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या ग्रेल मोहिमेनं पृथ्वीची गरजच काढून टाकली. एब आणि फ्लो अशी दोन जुळी यानं एकाच कक्षेत पुढं-मागं फिरत राहिली आणि आपसातलं अंतर मोजत राहिली. पुढचं यान जड गाठीजवळ आधी पोहोचतं म्हणून जरा आधी ओढलं जातं आणि अंतर वाढतं. मग मागचं ओढलं जातं आणि अंतर कमी होतं. हा फरक केसाच्या जाडीहूनही लहान असला तरी त्यांना कळत होता. चंद्राआड असताना नोंदी साठवायच्या आणि बाहेर आलं की पृथ्वीला पाठवायच्या. वर्ष संपता संपता चंद्राचा घाट दोन्ही बाजूंनी पाठ झाला होता.

या पाठांतराचा उपयोग आपल्यालाही झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चांद्रयान-२ आणि नासाचं लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ एकमेकांच्या फार जवळ येणार, असं दोन्ही संस्थांच्या गणितात आठवडाभर आधी दिसलं. दोघांमधलं कमीत कमी अंतर सुमारे ३ किलोमीटर, आणि उंचीतला फरक १०० मीटरहूनही कमी. १८ तारखेला चांद्रयान-२ ची कक्षा थोडी बदलली आणि प्रश्न मिटला. पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या चंद्रावर दोघांनाच जागा पुरंना?" दोन्ही यानं ध्रुवांवरून जाणारी आहेत. सगळ्या वाटा ध्रुवांपाशी एकत्र येतात, बिंदू चौकात येतात तशा.

हे झालं फिरणाऱ्या यानांबद्दल. ती पाऊण तासानं आपोआप बाहेर येतात. मागच्या बाजूवर उतरलेलं यान मात्र कधीच बाहेर येत नाही. त्याच्यासाठी गगनगडावर माणूस ठेवावा लागतो. गगनगडावरून घाटमाथाही दिसतो आणि खाली कोकणही, तिथल्या माणसानं दोन्हीकडचा निरोप पोहोचवायचा.

चंद्राच्या मागं सुमारे ६५,००० किलोमीटरवर एक जागा आहे, तिला दुसरा लाग्रांज बिंदू म्हणतात. तिथं पृथ्वी आणि चंद्राची ओढ अशी जुळते की यान चंद्राच्या बरोबरीनं फिरत राहू शकतं. पण नेमक्या त्या बिंदूवर यान ठेवलं तर पृथ्वी आणि त्याच्यामध्ये चंद्रच येतो! म्हणून यानाला त्या बिंदूभोवती एवढं मोठं वळण घालायला लावायचं, की ते चंद्राच्या कडेवरून कायम पृथ्वीकडं डोकावत राहील. अमेरिकेचे कक्षातज्ज्ञ रॉबर्ट फारक्वार यांनी ही कल्पना अपोलोच्या काळातच मांडली होती. ती प्रत्यक्षात आणली चीननं. २१ मे २०१८ ला च्युएच्याओ हा निरोप्या उपग्रह निघाला, आणि त्याच्या भरवशावर ३ जानेवारी २०१९ ला चांग-अ ४ हे यान चंद्राच्या मागच्या बाजूला उतरलं. तिथं उतरणारं ते पहिलंच यान.

निरोप्याची स्वतःची जागा सांभाळणंही सोपं नाही. तो बिंदू घोड्याच्या खोगिरासारखा आहे, गोटी ठेवली की कुठल्या तरी बाजूला घरंगळणार. म्हणून ठरावीक दिवसांनी इंजिनाचा हलका धक्का देऊन त्याला परत वाटेवर आणावं लागतं. आणि धक्का किती द्यायचा, हे त्याची जागा आणि वेग नेमका मोजल्याशिवाय ठरत नाही.

उतरलेलं यान नकाशावर नेमकं कुठं आहे, हे मात्र फोटोंवरून ठरवतात. उतरताना खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात दिसणारे खड्डे आधीच्या नकाशातल्या खड्ड्यांशी जुळवायचे. आपण नव्या गावात टाकी, देऊळ, वडाचं झाड बघून जागा ओळखतो तसं. ३० जानेवारी २०१९ ला लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरनं वरून चांग-अ ४ चा फोटो काढला. त्यात ते अवघ्या दोन ठिपक्यांएवढं आलं, पण तेवढे ठिपके जागा सांगायला पुरतात.

मग तो आधीचा नकाशा कशाच्या आधारावर उभा आहे? वरून फिरणाऱ्या यानाच्या कक्षेवर. कक्षा गुरुत्वाकर्षणाच्या नकाशावर, आणि अक्षांश-रेखांशांची चौकट समोरच्या बाजूवर ठेवलेल्या आरशांवर. अपोलोच्या अंतराळवीरांनी तीन आरसे ठेवले, सोव्हिएत गाड्यांवर आणखी दोन होते. १९६९ पासून पृथ्वीवरून त्यांच्यावर लेझर टाकून अंतर मोजत आले आहेत. आपण कधीही पाहू शकत नाही त्या बाजूच्या खड्ड्याचा पत्ता शेवटी आपल्या समोरच्या आरशांपाशी येऊन टेकतो. हे मला पहिल्यांदा उमगलं, तेव्हा मी बराच वेळ वाचन थांबवून नुसतीच बसून राहिले होते.

पृथ्वीवरच्या जीपीएसचे उपग्रह इथं चालणार नाहीत का? समोरच्या बाजूला चालतात. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट यानावरच्या उपकरणानं चंद्रावर उभं राहून जीपीएस आणि युरोपच्या गॅलिलिओचे क्षीण संदेश पकडले आणि स्वतःची जागा काढून दाखवली. मागच्या बाजूला मात्र तोच आडोसा. त्यासाठी चंद्राभोवती स्वतंत्र उपग्रह लागतील. युरोपची मूनलाइट योजना त्यासाठीच आहे. त्यांच्या घड्याळांची आणखी एक अडचण आहे. चंद्रावरचं गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं तिथलं घड्याळ पृथ्वीच्या तुलनेत दिवसाला पन्नासहून जास्त मायक्रोसेकंद पुढं जातं. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणजे हा फरक धरला नाही तर एका दिवसात पंधरा किलोमीटरहून मोठी चूक साठते.

आरशांचं काम मात्र पुढं सरकलं आहे. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर नासाचा एक छोटा आरसा बसवलेला आहे, तळहातावर मावेल एवढा. त्याला बॅटरी लागत नाही, ऊन लागत नाही. विक्रम झोपी गेल्यावर तीन महिन्यांनी, १२ डिसेंबर २०२३ ला, सुमारे १०० किलोमीटरवरून जाणाऱ्या लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटरनं त्याच्यावर लेझर टाकला आणि तो परत आला. जून २०२४ मध्ये चांग-अ ६ चंद्राच्या मागच्या बाजूला उतरलं आणि तिथली १,९३५.३ ग्रॅम माती घेऊन त्याचा एक भाग पृथ्वीवर परतला. जो भाग तिथंच राहिला, त्याच्यावर इटलीचा असाच एक आरसा आहे. पृथ्वीवरचा कुठलाही लेझर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यासाठी डोक्यावरून जाणारं यानच लागतं.